जाळीची भिंत

सिंगापुरातल्या आमच्या दुसऱ्या घराच्या बैठकीच्या खोलीला बाहेरच्या बाजूने सलग भिंत नव्हती. सिमेंटचे वीतभर चौकोनी ब्लॉक एकावर एक रचून जमिनीपासून छतापर्यंत जाळी केलेली होती. प्रत्येक ब्लॉकमध्ये दोन तिरकी पाती, एकमेकांकडे कललेली. ती भिंत मी पाडायला लावली. एवढं एक वाक्य लिहायला मला बरीच वर्षं लागली, म्हणून ते आधीच लिहून टाकते.

दोन हजार दहानंतरची पहिली दोन-तीन वर्षं. नवरा तांजोंग पगारला एका बँकेच्या आयटीत, मी आंग मो किओच्या इंडस्ट्रियल पार्कमध्ये चिप तपासणाऱ्या यंत्रांवर काम करणारी इंजिनिअर. दोघंही पुण्याचे, दोघंही एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरीपुरत्या परवान्यावर, आणि लेक तीन वर्षांची. पहिल्या कॉन्डोचा, म्हणजे तलाव-जिमवाल्या खाजगी सोसायटीतल्या फ्लॅटचा, करार संपला तेव्हा एजंटने आम्हाला थॉमसन रोडच्या मागच्या टेकाडावरची एक जुनी इमारत दाखवली. साठच्या दशकातली, चार मजली, लिफ्ट नसलेली. मला ऑफिसला एका बसने जाता येणार होतं आणि खोल्या मोठ्या होत्या. आम्ही ते घर घेतलं ते एवढ्याचसाठी.

घरमालक शेजारच्याच फ्लॅटमध्ये राहत. दोन्ही फ्लॅट त्यांचेच. सत्तरीचे, किडकिडीत, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. सिंगापुरात वडीलधाऱ्या माणसाला सगळेच अंकल म्हणतात, तसे आम्हीही म्हणू लागलो. आमचं बोलणं इंग्रजीत चाले, त्यांचं वाक्याच्या शेवटी 'lah' लावणाऱ्या तिथल्या इंग्रजीत, पण आता मराठीत आठवताना ते मला 'अगं-तूगं' करूनच बोलतात असं वाटतं. त्यांच्या बोलण्याचा सूरच तसा होता.

घर दाखवताना त्यांनी मला दारातच थांबवलं.

"चप्पल काढ," ते म्हणाले.

"काढतेच आहे अंकल."

"तसं नाही. काढ आणि दोन मिनिटं नुसती उभी राहा."

मी उभी राहिले. जमीन टेराझोची होती, म्हणजे आपल्या मोझॅकसारखीच, पण लाद्यांची नव्हे. सगळी जागच्या जागी ओतून घासलेली, पांढऱ्यात हिरव्या खड्यांची, मधून पितळेच्या बारीक पट्ट्या गेलेल्या. बाहेर भर दुपार होती आणि पाय थंड पडले होते. मग त्यांनी मला भिंतीला लागून, गुडघ्याएवढ्या उंचीवर खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेलं सागवानी कपाट दाखवलं. त्याला एकही मूठ नव्हती. झडपेच्या वरच्या कडेला बोटं जातील एवढी खाच होती, बस्स. स्वयंपाकघर आणि जेवणाची जागा यांच्यामध्ये अर्धीच भिंत होती. तिच्यावरून ताट सरकवता येई आणि पोळ्या लाटता लाटता बाहेर बसलेल्यांशी बोलता येई. शयनघरांना काचपट्ट्यांच्या खिडक्या, बाल्कनीवर पंखासारखं पातळ, पुढे निघालेलं छप्पर. ऊन कुठपर्यंत येतं आणि कुठे थांबतं, हे ते बोटाने जमिनीवर दाखवत होते.

मी मान हलवत होते आणि मनात म्हणत होते, इथे पोहायचा तलाव नाही, जिम नाही, खाली वॉचमनसुद्धा नाही.

पहिलं वर्षभर आम्ही त्या घरात सुखाने राहिलो, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. शनिवारी दुपारी आम्ही तिघं त्या जमिनीवर चटईसुद्धा न घालता झोपत असू. पंखा क्वचित लागे. सकाळचं ऊन जाळीतून आलं की जमिनीवर पानांसारखे उजेडाचे तुकडे पडत आणि सरकत सरकत कपाटापर्यंत जात. लेक त्यांच्यावर पाय ठेवत त्यांच्या मागे मागे चाले. पाऊस कितीही आडवा आला तरी आत येत नसे. पात्यांवरून बाहेरच ओघळून जाई. मी इंजिनिअर बाई, पण ते तसं का होतं, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही.

मला दिसत होत्या त्या पाली. धूळ. शेजारच्यांच्या तळणीचा वास. ब्लॉकच्या खाचांत कोळी जाळी करत आणि दर रविवारी मी जुना टूथब्रश घेऊन ती काढत बसे. दिवाळीत आम्ही ओळखीच्या सात-आठ मराठी कुटुंबांना फराळाला बोलावलं. सगळे कॉन्डोतले. त्यांतली एक बाई जाळीपाशी उभी राहून चिवडा खात म्हणाली, "अगं, गोडाऊनला असतं ना असं, हवा खेळायला." ती काही वाईट मनाने बोलली नव्हती. नवऱ्याचा मॅनेजर त्याला म्हणाला, "सध्यापुरतंच असेल ना हे?" नवरा काही बोलायच्या आत मीच म्हणाले, "हो, सध्यापुरतंच." पाहुणे गेल्यावर नवरा म्हणाला, "मला तर आवडतं हे घर." मी फराळाचे डबे बंद करत राहिले.

पुढच्या वर्षी धूर आला. सुमात्रातल्या जंगलांच्या आगींचा धूर वाऱ्याबरोबर सिंगापुरावर येतो. त्या वर्षी तो फारच आला. समोरची इमारत दिसेना. लेकीला खोकला लागला. डॉक्टरांनी तपासलं, औषध दिलं आणि धूर असेपर्यंत खिडक्या बंद ठेवा म्हणाले. आमच्याकडे बंद करायला भिंतच नव्हती. नवऱ्याने प्लॅस्टिकचा कागद आणून जाळीवर चिकटपट्टीने लावला. दहा-बारा दिवसांनी पाऊस झाला, धूर गेला, खोकलाही गेला. पुन्हा डॉक्टरकडे नेलं तेव्हा ते हसून म्हणाले, "छाती स्वच्छ आहे. हिला खेळू दे."

यानंतर दोन महिन्यांनी मी अंकलचं दार वाजवलं.

तोवर माझं सगळं ठरलेलं होतं. एका मैत्रिणीच्या कॉन्डोत जमिनीपासून छतापर्यंत सरकत्या काचा होत्या आणि मला तशा हव्या होत्या. पण भाडेकरूने घरमालकाला असं सांगायचं कसं? म्हणून मी लेकीची छाती पुढे केली.

"अंकल, मुलीला दम्याचा त्रास आहे. डॉक्टर म्हणाले, ती जाळी बंद केली पाहिजे. कायमची."

ते दारातच उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग माझ्या मागे, आमच्या उघड्या दारातून आत पाहिलं. लेक जमिनीवर रंगवत बसली होती.

"झोपल्यावर छातीत शिट्टीसारखं वाजतं?" त्यांनी विचारलं.

नव्हतं वाजत. मी म्हणाले, "हो."

"मग ती उठून बसते?"

"कधी कधी."

त्यांनी पुन्हा एकदा लेकीकडे पाहिलं. "ठीक आहे," म्हणाले. "भिंत काढू. काच लावू. सांगतो मी माणसांना."

मी तयारी करून गेले होते की ते नाही म्हणतील, मग मी घर सोडायचं बोलून दाखवीन. त्याची गरजच पडली नाही. मला वाटलं, किती सोपं होतं.

पंधरा दिवसांत काम झालं. कॉन्ट्रॅक्टरच्या माणसांनी एका दिवसात जाळी फोडून खाली उतरवली. अंकल त्या दिवशी सकाळीच बाहेर पडले. मी दुपारी कोपऱ्यावरच्या हॉकर सेंटरला, खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, जेवण आणायला गेले, तर ते तिथे कॉफी घेऊन एकटे बसलेले दिसले. मी हात केला. त्यांनीही केला. पार्सल घेऊन मी घाईने परत आले.

काचा लागल्या. पाली गेल्या, धूळ कमी झाली. दुपारी खोली भट्टीसारखी तापू लागली, म्हणून एअरकॉन लावला. काचेतून ऊन डोळ्यांवर येऊ लागलं, म्हणून जाड पडदे घेतले. पडदे ओढल्यावर अंधार होई, म्हणून दिवसाही दिवे लागू लागले. पुढच्या दिवाळीत तीच बाई म्हणाली, "आता कसं छान वाटतंय." मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, खूप बरं वाटलं.

अंकल आमच्याकडे पूर्वी अधूनमधून येत. लेकीला पेन्सिलीने इमारती काढून दाखवत. काच लागल्यावर ते येत, पण दारातूनच परत जात. लेकीच्या तब्येतीची चौकशी मात्र दर वेळी करत. मी दर वेळी सांगे, "काच लावल्यापासून खूप फरक पडलाय."

आम्ही तिथे आणखी चार वर्षं राहिलो. त्यातल्या शेवटच्या वर्षी इमारत विकायची चर्चा सुरू झाली. सिंगापुरात त्याला एन ब्लॉक म्हणतात: पुरेशा मालकांनी सह्या केल्या की सगळी इमारत एकदम बिल्डरकडे जाते, मग उरलेल्यांचं काही चालत नाही. अंकलनी सही केली नाही. शेजाऱ्यांनी त्यांना समजावलं, कुणी रागावले. आम्ही भाडेकरू, आम्हाला कुणी विचारायचा प्रश्नच नव्हता. वर्षभरात सौदा झाला.

इमारत रिकामी व्हायच्या आधी आर्किटेक्चर शिकवणाऱ्या एक प्राध्यापक बाई कॅमेरा आणि तिकाटणं घेऊन आल्या. साठच्या दशकातल्या घरांची नोंद करून त्या एक पुस्तक काढणार होत्या. शनिवार होता. अंकल नकाशांची एक गुंडाळी घेऊन आमच्याकडे आले. त्या वेळी मात्र ते आत आले. अर्ध्या भिंतीवर त्यांनी गुंडाळी उलगडली आणि चार कोपऱ्यांवर माझ्या स्टीलच्या वाट्या ठेवल्या.

पिवळट कागदावर पेन्सिलीने काढलेला एकच ब्लॉक होता. समोरून, बाजूने, कापून. पात्यांचा कोन किती, पावसाचं पाणी कुठून पडेल, वारा कुठून वळेल, यासाठी बारीक बाण काढलेले होते. एक कोन खोडून दुसरा, तो खोडून तिसरा. कागदाच्या कोपऱ्यात नकाशा काढणाऱ्याच्या नावाची आद्याक्षरं होती. ती मी करारावर दर वेळी पाहिलेली होती.

"हे तुम्ही काढलंय?" मी विचारलं.

"तेव्हा मी ऑफिसात ड्राफ्ट्समन होतो," ते म्हणाले. "सगळी इमारत आर्किटेक्टची. हा एक ब्लॉक माझा. तो म्हणाला होता, असं कर की वारा आत येईल आणि पाऊस बाहेर राहील. लाकडाचे सात साचे केले आम्ही. सातवा जमला. त्या काळी एअरकॉन कुणाकडे होता, lah."

प्राध्यापक बाईंनी नकाशाचे फोटो काढले. मग त्या खाली अंगणात गेल्या आणि इमारतीच्या दर्शनी बाजूचा फोटो काढू लागल्या. अंकल आणि मीही त्यांच्याबरोबर गेलो. तिथून पहिल्यांदाच मी आमचं घर नीट पाहिलं. जाळीचा एक लांब पट्टा चारही मजल्यांवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला होता आणि सकाळच्या उन्हात त्याच्या सावल्या विणल्यासारख्या दिसत होत्या. तिसऱ्या मजल्यावर मध्येच एक चौकोन काचेचा होता. तो चकाकत होता. बाकी कुणीही जाळी काढलेली नव्हती.

"तिथे काय झालं?" बाईंनी विचारलं.

मी तोंड उघडलं, पण अंकलच आधी बोलले.

"हिच्या मुलीला दमा होता," ते म्हणाले. "डॉक्टरांनी सांगितलं होतं. काढावीच लागली."

बाईंनी माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं आणि वहीत लिहून घेतलं. मी उभीच राहिले. तेव्हा बोलले असते तर कदाचित सगळं वेगळं झालं असतं. लेक आता आठ वर्षांची होती आणि अंगणात सायकल चालवत होती. तिला आयुष्यात कधी दमा झालेला नव्हता. ती आमच्याजवळून गेली आणि ओरडली, "Uncle, see lah, no hands!" ते हसले आणि म्हणाले, "छाती बघ कशी चांगली झाली."

आम्ही हार्बरफ्रंटजवळच्या कॉन्डोत गेलो. अंकलनी आंग मो किओला छोटा सरकारी फ्लॅट घेतला, माझ्या ऑफिसपासून दोन बस स्टॉपवर. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे जाऊ लागले. कधी फळं नेई, कधी घरचा उपमा. उपमा त्यांना आवडे. ते बाराव्या मजल्यावर राहत आणि दोन्ही बाजूंच्या खिडक्या सताड उघड्या ठेवत. दर वेळी मी ठरवून जाई की आज सांगायचं. दर वेळी काहीतरी दुसरं बोलून परत येई.

सांगितलं ते असंच एकदा, काही न ठरवता. ते बायकोचा फोटो पुसत होते. मी विचारलं, त्या कशाने गेल्या.

"छातीने," ते म्हणाले. "शेवटची दोन वर्षं तिला आडवं झोपताच यायचं नाही. सारखी शिट्टी वाजायची छातीत, मग उठून बसायची. मी बाहेर बसून ऐकत असायचो." फोटो जागेवर ठेवून ते म्हणाले, "तू दारात आलीस आणि मुलीच्या छातीचं बोललीस ना, तेव्हा भिंतीचा विचारच आला नाही माझ्या मनात."

माझ्या हातात उपम्याचा डबा होता. मी तो खाली ठेवला.

"अंकल, तिला दमा नव्हता."

त्यांना वाटलं त्यांना नीट ऐकू आलं नाही. मी पुन्हा सांगितलं. डॉक्टरने काय सांगितलं होतं, काय नव्हतं सांगितलं, आणि शिट्टीचं मी खोटं बोलले होते, हेही सांगितलं.

त्यांनी फोटो पुसायचं फडकं घडी करून ठेवलं.

"मग का?"

"लोक म्हणायचे, गोडाऊनसारखं दिसतं. मला लाज वाटायची."

"गोडाऊन," ते म्हणाले. ओरडले नाहीत. "हे सांगायचं होतंस मला. तू म्हणाली असतीस की आवडत नाही, तर मी तुला समजावून सांगितलं असतं. तरी पटलं नसतं, तर आतून एक सरकती काच लावून दिली असती. धुरात बंद, एरवी उघडी. एका दुपारचं काम होतं." मग म्हणाले, "एका दुपारचं."

"मला माफ करा," मी म्हणाले.

त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. म्हणाले, "तुझी सुट्टी संपली असेल."

त्यानंतरही मी दोनदा गेले. त्यांनी दार उघडलं, चहा केला, लेकीच्या शाळेचं विचारलं. तिच्या तब्येतीचं विचारलं नाही. तिसऱ्यांदा गेले तेव्हा शेजारणीने सांगितलं की ते मलेशियात, इपोहला, धाकट्या बहिणीकडे राहायला गेले. जाताना त्यांनी मला कळवलं नव्हतं. कळवायला हवं होतं असंही मी म्हणू शकत नाही.

अंकलपाशी कबूल केलं त्याच आठवड्यात मी नवऱ्यालाही हे सगळं सांगितलं. त्याला खोट्याचं माहीत नव्हतं. काच अंकलनीच सुचवली असं त्याला इतकी वर्षं वाटत होतं. तो म्हणाला, "मला एकदा विचारलं असतंस."

प्राध्यापक बाईंचं पुस्तक अजून छपाईला गेलेलं नव्हतं. मी त्यांना ईमेल केली. तिसऱ्या मजल्यावरच्या काचेबद्दल तुमच्या नोंदीत जे कारण आहे ते चूक आहे, मुलीला आजार नव्हता, मी स्वतः घरमालकांना खोटं सांगून ती भिंत काढायला लावली, असं लिहिलं. पाठवायच्या आधी चार वेळा वाचली. त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं: कळवल्याबद्दल आभार, दुरुस्त करते.

पुस्तक आलं तेव्हा मी ते वाचनालयात पाहिलं. आमच्या इमारतीला आठ पानं दिली होती. अंकलच्या ब्लॉकचा नकाशा पूर्ण पानावर होता, सातही साच्यांचा उल्लेख होता, आणि अंगणातून काढलेल्या फोटोखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की एका फ्लॅटची जाळी भाडेकरूच्या आवडीखातर बदलण्यात आली. माझं नाव नव्हतं. मी वाचनालयातून निघून पुस्तकांच्या दुकानात गेले, एक प्रत विकत घेतली आणि शेजारणीकडून मिळालेल्या इपोहच्या पत्त्यावर पाठवली. सोबत काहीच लिहिलं नाही. काय लिहावं ते सुचलं नाही.

पोच आली ती पोस्टाची. घेणाऱ्याच्या सहीच्या जागी त्यांची आद्याक्षरं होती, सरळ आणि सुटी सुटी, नकाशावर लिहितात तशी.